पहिल्या मिनिटाची राखणदार

गेल्या चतुर्थीला माहेरी, आरोंद्याला गेले होते. माटवी बांधून झाली होती, मोदकांचं पुरण परातीत निवत होतं आणि ओटीवर आमच्या भाचेसुनेने वेगळाच खेळ मांडला होता. ती स्टाफ नर्स आहे. सरकारच्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण नुकतंच करून आली होती. प्रमाणपत्र हातात पडलं, पण सराव सुटला तर हात विसरतात, म्हणून लेकीची रबरी बाहुली घेऊन बसली होती. बाहुली पुसायची, ओला टॉवेल बाजूला टाकून कोरड्यात गुंडाळायची, मान ना पुढे वाकलेली ना मागे ताणलेली अशी ठेवायची, पाठ चोळायची. तरी रडलं नाही तर नाकातोंडावर मास्क बसवून पिशवीने हवा द्यायची. मास्क आणि पिशवी घरात कुठली असणार? तिने वाटी आणि फुगा घेतला होता. घरातली मुलं खिदळत होती. ती मात्र तोंडाने आकडे मोजत होती.

मग बोलता बोलता तिने लेकीच्या जन्माची फाइल काढून दाखवली. त्यात एका ओळीत लिहिलं होतं, ॲपगार सात आणि नऊ. हे काय, असं मी मुद्दाम विचारलं. तिने पटापट पाच इंग्रजी शब्द सांगितले, त्यांची पहिली अक्षरं जोडून ॲपगार होतं म्हणाली. मी तिला सांगितलं की हे एका बाईचं आडनाव आहे. ती बघतच राहिली. इतक्या वर्षांत किती फायलींवर तिने ते लिहिलं असेल, पण या नावाची कुणी बाई होती हे तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

आमची आई दारात बसून ऐकत होती. ती आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. तिने एकच विचारलं, की मूल जन्मल्यावर पहिल्या मिनिटाला त्याच्याकडेच बघायला वेगळं माणूस असतं का? भाचेसून हो म्हणाली. आई गप्प झाली. ती का गप्प झाली ते शेवटी सांगते. मैत्रिणींनो, आधी त्या बाईची गोष्ट.

तळघरातली प्रयोगशाळा

व्हर्जिनिया ॲपगारचा जन्म ७ जून १९०९ चा, अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या वेस्टफिल्ड गावातला. वडील विमा व्यवसायात होते, पण जीव अडकलेला रेडिओत आणि आकाशातल्या ताऱ्यांत. घराच्या तळघरात त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा थाटली होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ मध्ये, एका जर्मन बिनतारी केंद्राचे संशयास्पद संदेश त्यांनी घरबसल्या टिपून ठेवले आणि ते सरकारच्या उपयोगी पडले. अशा बापाची ही लेक. ऐकायचं, नोंद करायची, मग त्याचा अर्थ लावायचा, हे तिने घरातच पाहिलं.

पण त्याच घरात दुखणंही होतं. तिचा एक भाऊ लहानपणीच क्षयाने गेला. दुसऱ्याला त्वचेचा जुनाट आजार होता. डॉक्टर व्हायचं हे तिने लहानपणीच ठरवलं होतं, त्यामागे हेच असावं असं तिची ओळख सांगणारे म्हणतात. शाळेत ती सगळ्यात पुढे, फक्त घरकाम आणि स्वयंपाक या विषयात कच्ची. हा कच्चेपणा तिने जन्मभर सांभाळला! लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, तर स्वयंपाक येणारा पुरुष मिळाला नाही असं ती हसत सांगायची.

माउंट होल्योक या मुलींच्या कॉलेजात तिने प्राणिशास्त्र घेतलं. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शिकता शिकता मिळतील ती कामं केली. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी भटकी मांजरं पकडून आणणं हेही त्यातलंच एक काम. आणि एवढं सगळं करून ही मुलगी व्हायोलिन वाजवायची, टेनिस खेळायची, कॉलेजच्या वर्तमानपत्रात लिहायची. तिला ओळखणारे सगळे एक गोष्ट सांगतात, ती बोलायचीही भरभर आणि चालायचीही भरभर.

दार बंद, खिडकी उघडी

१९२९ च्या सप्टेंबरात ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरकी शिकायला गेली. पुढच्याच महिन्यात अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि देशावर मंदीची कुऱ्हाड पडली. उसनवारी करत तिने शिक्षण पुरं केलं. १९३३ मध्ये वर्गात चौथी येऊन पास झाली, तेव्हा डोक्यावर जवळजवळ चार हजार डॉलरचं कर्ज होतं. त्या काळात ही रक्कम काही लहान नव्हती.

तिला सर्जन व्हायचं होतं. तिथल्याच रुग्णालयात तिने सर्जरीची उमेदवारीही सुरू केली आणि कामही उत्तम होतं. पण विभागप्रमुख डॉ. ॲलन व्हिपल यांनी तिला बाजूला घेऊन समजावलं. आपण याआधी तयार केलेल्या स्त्री सर्जनांना पोटापुरतं कामही मिळत नाही, हे त्यांनी तिच्यापुढे ठेवलं. त्याऐवजी तिने भूल देण्याच्या शास्त्रात जावं, असं त्यांनी सुचवलं. भूल सुधारली नाही तर शस्त्रक्रियाही पुढे जाणार नाही, हे त्यांना दिसत होतं.

आपल्याकडे कितीतरी मुलींनी हे ऐकलेलं आहे, नाही का? तू हुशार आहेस गं, पण तू हे नको करू, ते कर. व्हर्जिनियाच्या डोक्यावर कर्ज होतं आणि काळ मंदीचा. तिने सल्ला मानला. पण रडत बसली नाही. जे हातात आलं ते जगात सर्वांत चांगलं करून दाखवायचं, हा तिचा स्वभाव.

त्या वेळी भूल देणं हे डॉक्टरांचं काम मानलंच जात नव्हतं. ते नर्स करायच्या. डॉ. व्हर्जिनिया त्या नर्सच्या हाताखाली शिकल्या. मग १९३७ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये डॉ. राल्फ वॉटर्स यांच्याकडे आणि नंतर न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात शिकल्या. १९३८ मध्ये त्या कोलंबियाला परत आल्या त्या भूल विभागाच्या प्रमुख म्हणूनच. त्या रुग्णालयात एखाद्या विभागाच्या प्रमुखपदी आलेल्या त्या पहिल्या स्त्री.

प्रमुख म्हणजे काय, तर सुरुवातीला विभागात त्या जवळजवळ एकट्याच! पगार कमी, मान कमी, सर्जन मंडळी भूल देणाऱ्याला बरोबरीचा मानायला तयार नाहीत. त्यातूनच त्यांनी विभाग उभा केला, विद्यार्थी तयार केले. अकरा वर्षांनी, १९४९ मध्ये, तो स्वतंत्र मोठा विभाग झाला आणि त्याची खुर्ची एका पुरुष सहकाऱ्याला मिळाली. त्याच वर्षी डॉ. व्हर्जिनिया पूर्ण प्राध्यापक झाल्या. कोलंबियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. बाई असल्यामुळे माझं काही अडलं नाही असं त्या चारचौघांत म्हणायच्या. पण स्त्रियांना पगार कमी मिळतो याची चीड त्यांच्या मनात होती, हे जवळच्यांना माहीत होतं.

ट्रे उचला, अशी पाटी असलेलं कार्ड

कारभाराच्या फायलींतून सुटका झाली आणि त्या आपल्या आवडीच्या कामाकडे वळल्या. बाळंतपणात आईला द्यायची भूल आणि त्याचा बाळावर होणारा परिणाम, हा त्यांचा विषय.

तेव्हाची अमेरिका म्हणजे काही आडगाव नव्हे. मोठी रुग्णालयं होती, डॉक्टर होते, औषधं होती. पहिल्या वर्षात दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण कमी होत चाललं होतं. पण जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत जाणारी बाळं काही कमी होत नव्हती. का? तर बाळ बाहेर आलं की खोलीतले सगळे आईकडे धावायचे. रक्तस्राव, टाके, आईची शुद्ध. बाळ रडलं तर आनंद. निळं पडलेलं, निपचित असलं तर बाजूला ठेवलं जायचं. काही बाळांची नोंद तर मृत जन्म अशीच व्हायची. कोणतं बाळ खरंच गेलेलं आहे आणि कोणत्याला फक्त थोडा हात द्यायला हवा, हे ठरवायची पद्धतच नव्हती. प्रत्येक डॉक्टरचा आपापला अंदाज.

एका सकाळी रुग्णालयाच्या कँटीनमध्ये न्याहारी चालली होती. एका विद्यार्थ्याने सहज विचारलं, की नुकत्याच जन्मलेल्या बाळाची प्रकृती पटकन कशी ओळखायची. डॉ. व्हर्जिनियांनी जवळचं कार्ड ओढलं. आपापले ट्रे उचलून ठेवा अशी सूचना असलेलं ते कार्ड होतं. त्यावर त्यांनी पाच मुद्दे खरडले आणि ते खरंच चालतात का बघायला तशाच प्रसूती विभागाकडे धावल्या.

काय होते ते पाच मुद्दे? हृदयाचे ठोके. श्वास. स्नायूंचा ताठपणा, म्हणजे हातपाय लुळे आहेत की बाळ ते आखडून धरतंय. चिमटा किंवा नळी लागल्यावर बाळ तोंड वेडंवाकडं करतं का, शिंकतं का, रडतं का. आणि अंगाचा रंग. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. ठोके नाहीत तर शून्य, शंभराच्या खाली तर एक, शंभराच्या वर तर दोन. अशी पाचांची बेरीज दहा. बाळ पूर्ण बाहेर आल्यापासून साठ सेकंदांनी ही बेरीज करायची. पुढे पाच मिनिटांनी पुन्हा करायची पद्धत पडली, म्हणून फायलीत दोन आकडे असतात.

याला यंत्र लागत नाही. रक्त काढावं लागत नाही. डोळे, कान, एक बोट आणि घड्याळ, बस्स!

आणि त्यांनी एक अट घातली. गुण देणारा माणूस बाळंतपण करणारा नको. ज्याने बाळंतपण केलं त्याला आपलं काम छानच झालं असं वाटणार आणि तो सढळ हाताने गुण देणार, हे त्या पुरतं ओळखून होत्या. पण या अटीचा दुसरा अर्थ जास्त मोठा आहे. खोलीत एक माणूस असा हवा, ज्याचं काम फक्त बाळाकडे बघणं. माझ्या आईच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं.

गुणांनी काय शिकवलं

१९५२ मध्ये एका परिषदेत त्यांनी ही पद्धत मांडली आणि १९५३ मध्ये ती छापून आली. तोवर १,०२१ बाळांची नोंद त्यांच्याकडे होती. पूर्ण दिवसांच्या ज्या बाळांना शून्य ते दोन गुण होते, त्यांतली शंभरात चौदा दगावली होती. तीन ते सात गुणांच्या बाळांत शंभरात साधारण एक. आणि आठ ते दहावाल्यांत हजारात साधारण एक. म्हणजे एका मिनिटाची ती बेरीज पोकळ नव्हती.

मग त्यांनी डॉ. डंकन होलॅडे आणि डॉ. स्टॅनली जेम्स या सहकाऱ्यांबरोबर बाळांच्या रक्ताचा अभ्यास केला. कमी गुणांच्या बाळांच्या रक्तात प्राणवायू कमी आणि आम्ल जास्त असतं, आणि श्वासाला मदत केली की ते सुधारतं, हे दिसलं. ही बाळं जन्मतःच अशी असायची, त्यांना काही करू नये, हा जुना समज त्यामुळे गळून पडला. आईला दिलेल्या काही भुलीच्या औषधांनी बाळ मलूल होतं हेही सिद्ध झालं. सायक्लोप्रोपेन नावाचा वायू खुद्द डॉ. व्हर्जिनियांचा लाडका. पण त्याने बाळं मंद होतात हे आकड्यांनी दाखवल्यावर त्यांनी तो बाळंतपणात वापरणं सोडून दिलं. आपल्याच हातातलं आवडतं साधन चुकीचं निघालं तर ते खाली ठेवायला मोठं मन लागतं.

पुढे बारा रुग्णालयांतल्या १७,२२१ बाळांवर अभ्यास झाला, तेव्हाही ही पद्धत टिकली. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला कुणा डॉक्टरला सुचलं की ॲपगार या नावाच्या पाच अक्षरांतच पाच मुद्दे बसवता येतात. विद्यार्थ्यांना पाठ करायला सोपं झालं. पण त्यात ती बाई मात्र हरवली!

इथे दोन गोष्टी नवीन आयांसाठी. एक, आमच्या बाळाला आठच मार्क का, म्हणून जीव टांगणीला लावू नका. पहिल्या मिनिटाला बहुतेक बाळांचे हातपाय थोडे निळसर असतातच, त्यामुळे दहापैकी दहा क्वचितच मिळतात. आणि ही पुढच्या हुशारीची परीक्षा नव्हे. दुसरी गोष्ट, बाळ श्वास घेत नसेल तर गुण मोजायला मिनिटभर थांबायचं नसतं. पुसणं, ऊब देणं, पाठ चोळणं लगेच सुरू करायचं, आणि तरीही श्वास नसेल तर त्या पहिल्याच मिनिटात हवा द्यायला लागायचं. गुण हे प्रकृतीची नोंद असतात, मदतीची परवानगी नव्हे. आणि हो, बाळाला उलटं धरून थोपटणं, गार पाणी मारणं हे जुने प्रकार अजिबात करायचे नाहीत.

शिकवता येतं, म्हणून वाचवता येतं

शंभरातल्या साधारण दहा बाळांना पहिला श्वास घ्यायला काहीतरी मदत लागते. त्यातल्या बहुतेकांचं नुसतं पुसून, चोळून आणि हवा देऊन भागतं. छाती दाबणं, औषधं असे मोठे उपाय शंभरात एखाद्यालाच, तेही क्वचित. म्हणजे जे शिकायचं आहे ते फार नाही. पण ते हाताला येणारं असायला हवं. नुसतं वाचून पोहता येत नाही, तसंच हे.

म्हणून अमेरिकेत १९८७ मध्ये नवजात बाळांच्या पुनरुज्जीवनाचं ठरावीक प्रशिक्षण सुरू झालं. पाठोपाठ मोठ्या मुलांच्या तातडीच्या उपचारांचा अभ्यासक्रम आला. आज आपल्याकडचे डॉक्टर आणि नर्स हृदयविकाराच्या आणि बालकांच्या जीवरक्षणाचे जे कोर्स करतात, त्यातल्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या कार्डांची मुदत दोन वर्षं असते. दोनच वर्षं का? कारण सराव नसेल तर हात त्याआधीच विसरू लागतात. आपल्या देशात सरकारने २००९ मध्ये नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केला, तोच आमच्या भाचेसुनेने केला.

पण आपल्या महाराष्ट्राने याच्या किती आधी काय करून दाखवलं, हे आपल्यालाच ठाऊक नसतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने ३९ खेड्यांत गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळ जन्मताच त्याचा श्वास बघणं, न रडणाऱ्याला हवा देणं, ऊब, वजन, जंतुसंसर्गाची ओळख, हे सगळं त्या शिकल्या. तीन वर्षांत त्या गावांतलं नवजात बाळांच्या मृत्यूचं प्रमाण साधारण ६२ टक्क्यांनी उतरलं. १९९९ मध्ये लॅन्सेट या जगप्रसिद्ध साप्ताहिकात हे छापून आलं. पुढे देशभरातल्या आशाताई बाळाच्या घरी जाऊन तपासणी करू लागल्या, त्याचं मूळ याच कामात आहे. न्यूयॉर्कच्या प्रोफेसरबाई आणि गडचिरोलीची आरोग्यदूत यांच्यात अंतर केवढं! पण दोघींचं काम एकच, बघायचं, मोजायचं आणि थांबून राहायचं नाही.

एक फरक सगळ्यांनीच लक्षात ठेवावा असा आहे. मोठ्या माणसाचं हृदय पुष्कळदा अचानक बंद पडतं, तेव्हा १०८ ला फोन करून छातीच्या मधोमध जोराने आणि भराभर, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहायचं असतं. लहान मुलांचं हृदय मात्र सहसा आधी थांबत नाही. आधी श्वास अडतो, मग हृदय थकतं. म्हणून मुलांमध्ये छाती दाबण्याबरोबर श्वास देणंही फार महत्त्वाचं. हे वाचून येणार नाही. जवळपास कुठे प्रशिक्षण असेल तर दोन-तीन तास काढाच.

पर्समधला चाकू आणि टेलिफोन बूथची फळी

पन्नाशीला आलेली बाई काय करते? निवृत्तीचे हिशेब. डॉ. व्हर्जिनियांनी १९५९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची नवी पदवी घेतली आणि कोलंबिया सोडून मार्च ऑफ डाइम्स या संस्थेत गेल्या. मुळात ती पोलिओविरुद्ध उभी राहिलेली संस्था. लस निघाल्यावर तिने जन्मजात व्यंगांचं काम हाती घेतलं होतं, त्या विभागाच्या या प्रमुख झाल्या. तेव्हा अशा मुलांना घरात लपवून ठेवण्याचीच रीत होती. यांनी गावोगाव फिरून आयांशी मोकळेपणी बोलायला सुरुवात केली. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली, तेव्हा गरोदरपणात हा ताप आला तर बाळाचं काय होतं ते सांगितलं आणि पुढे लसीकरणाचा आग्रह धरला. १९७२ मध्ये एका लेखिकेबरोबर आईबापांसाठी या विषयावर पुस्तकही लिहिलं.

आणि छंद किती! गाडी भरधाव चालवायच्या, टपाल तिकिटं जमवायच्या, पन्नाशीनंतर विमान उडवायला शिकल्या. व्हायोलिन तर होतंच. पण एका पेशंटबाईमुळे त्यांना वाद्यं स्वतः घडवायचा नाद लागला. कार्लीन हचिन्स हे त्या बाईंचं नाव. व्हायोलाच्या पाठीला शोभेल असं सुंदर मेपल लाकूड दोघींना सापडलं कुठे, तर रुग्णालयाच्या टेलिफोन बूथमधल्या फळीत! रीतसर मागून मिळेना. मग १९५७ मध्ये एका रात्री दोघींनी ती फळी काढून दुसरी तशीच बसवली. प्राध्यापकबाई बाहेर पहारा देत होत्या म्हणे.

त्यांच्या पर्समध्ये लिपस्टिक होती की नाही माहीत नाही. पण श्वासनलिका मोकळी करायचं सामान आणि छोटा चाकू मात्र कायम असायचा. रस्त्यात कुणाचा श्वास अडला तर? आपल्यासमोर कुणी श्वास थांबवून मरायचं नाही, असा त्यांचा दंडकच होता.

त्यांच्या आई १९६९ पर्यंत होत्या. लेकीने त्यांना शेवटपर्यंत सांभाळलं. ७ ऑगस्ट १९७४ रोजी, पासष्टाव्या वर्षी, यकृताच्या आजाराने डॉ. व्हर्जिनिया गेल्या. ज्या रुग्णालयात शिकल्या आणि राबल्या तिथेच. वीस वर्षांनी, १९९४ मध्ये, अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या चित्राचं तिकीट काढलं. तिकिटं जमवणाऱ्या बाईला याहून चांगली भेट काय असणार?

आरोंद्याची गोष्ट

आता आईची गोष्ट. माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता. साल १९६१, श्रावणातली रात्र. तेरेखोलला पूर होता, होडी घालायची सोय नव्हती, सावंतवाडीकडे न्यायला गाडी नव्हती. बाळंतपण घरातच, माजघरात. सुईण हाताला चांगली होती, सगळ्या वाडीची बाळंतपणं तिनेच केलेली. पण त्या रात्री आईचा रक्तस्राव थांबेना. बाळ रडलं नाही. सुईणीने ते धडुत्यात गुंडाळून सुपात ठेवलं आणि ती आईकडे वळली. तिने काय करावं? हात दोनच होते. तिने आईला वाचवलं, म्हणून मी आहे.

पण आईला दिव्याच्या उजेडात सूप दिसत होतं आणि त्या बाळाचा हात हलल्यासारखा तिला वाटला होता. ती सांगायला गेली, पण तिच्या बोलण्याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नव्हता. खरंच हलला की भास, हे तिला आजवर कळलेलं नाही. साठाहून जास्त वर्षं तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही. त्या दुपारी ओटीवर बाहुली बघताना पहिल्यांदा बोलली.

मी मनात हिशेब केला. त्या रात्री डॉ. व्हर्जिनियांचा शोधनिबंध छापून आठ वर्षं झाली होती. पण छापलेला कागद आणि आरोंद्याचं माजघर यांच्यात फक्त समुद्रच नव्हता. मधे शिकवणारं कुणीतरी लागतं, शिकणारं कुणीतरी लागतं आणि खोलीत बाळाकडे बघणारं आणखी एक माणूस लागतं. त्या रात्री माजघरात माझी आजी होती, मोठी काकी होती. पाठ चोळायला, ऊब द्यायला दोघींचे चार हात मोकळे होते. पण हे करायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आईने भाचेसुनेला सगळं पहिल्यापासून पुन्हा करून दाखवायला सांगितलं. पुसणं, गुंडाळणं, मान सरळ, पाठ चोळणं, हवा. मग बाहुली स्वतःच्या मांडीवर घेतली आणि तिची पाठ चोळली, बराच वेळ. आम्ही कुणी काही बोललो नाही.

आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, रस्ते झाले, किरणपाण्याला पूल झाला, १०८ येते. तरी पहिलं मिनिट तेवढंच, साठ सेकंदांचं. म्हणून घरात कुणी गरोदर असेल तर दवाखान्यात एक प्रश्न जरूर विचारा. बाळंतपणाच्या वेळी बाळाकडे बघायला, श्वास द्यायला शिकलेलं वेगळं माणूस असेल ना? विचारायला लाजू नका. डॉ. व्हर्जिनियांनी घातलेली अटच आहे ती.

निघताना आईने भाचेसुनेला बजावलं, की पुढचं शिबिर असेल तेव्हा एकटी जाऊ नको, वाडीतल्या आशाताईलाही सोबत घेऊन जा. आणि बाहुली मुलांच्या खेळण्यांत टाकू नको, कपाटात ठेव.